वसतिगृहाचं वायफाय रोज रात्री का बसतं: तपासण्यांचा क्रम

ही नोंद ४० ते ८० विद्यार्थी राहतात अशा तीन-चार मजली वसतिगृहांसाठी आणि पीजींसाठी आहे. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, कर्वेनगर किंवा लातूरच्या शिकवणी भागात असतात तशी. मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते: एक फायबर लाइन, नेट कंपनीने दिलेला राउटर, त्यापुढे एक स्विच (एका केबलच्या अनेक केबल करणारा डबा) आणि मजल्यामजल्यावर ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) किंवा कुणाचे तरी जुने राउटर. दिवसा नेट चालतं. रात्री आठ-नऊला मुलं क्लासवरून, अभ्यासिकेतून परत आली की तक्रारी सुरू होतात.

तक्रार आली की सगळ्यात आधी सुचतं ते 'प्लॅन वाढवा'. वाढलेला प्लॅन शेवटी मुलांच्या भाड्यात किंवा वर्गणीत येतो, आणि दोष जर यंत्रांना मिळणाऱ्या आयपी पत्त्यांचा, केबलचा किंवा वायफायच्या चॅनेलचा असेल तर प्लॅन दुप्पट करूनही रात्री तेच होतं. म्हणून इथे फुकटच्या तपासण्या आधी घेतल्या आहेत, पैसे लागणाऱ्या नंतर, आणि लाइन बदलणं सगळ्यात शेवटी. क्रम मोडू नका. वरच्या पायरीवरचा दोष तसाच ठेवून खाली गेलात तर खालची मोजमापं चुकीची येतात.

लक्षणं

आधी नेमकं काय होतंय ते वेगळं करा. 'नेट चालत नाही' या एका वाक्यात निदान सहा वेगळे बिघाड लपलेले असतात.

फोनवर वायफायचं चिन्ह पूर्ण दिसतं, पण 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' यावरच अडकतं, किंवा 'कनेक्टेड, नो इंटरनेट' येतं. काहींचं चालतं, काहींचं नाही, आणि उशिरा आलेल्यांना हा त्रास जास्त होतो. राउटर बंद-चालू केला की तासभर सगळं ठीक. हे पत्ते संपल्याचं लक्षण आहे.

पत्ता मिळतो, पानं उघडतात पण खूप उशिरा. ऑनलाइन लेक्चरचा आवाज तुटतो. स्पीड टेस्ट मात्र बरा आकडा दाखवते. हे लाइनीवर रांग लागल्याचं लक्षण.

एकाच मजल्यावर किंवा कोपऱ्यातल्या दोन-तीन खोल्यांतच त्रास आहे. इथे हवेतली गर्दी, भिंती किंवा त्या मजल्याची केबल संशयित.

अख्ख्या इमारतीचं नेट एकदम जातं, स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकतात. लूप, म्हणजे केबल फिरून त्याच नेटवर्कमध्ये जोडली गेली आहे.

राउटर रात्री आपोआप रीस्टार्ट होतो, दिवसा कधीच नाही. अडॅप्टर.

महिन्याच्या १ तारखेला उत्तम, २० तारखेनंतर सगळ्यांचंच सारखंच मंद. डेटाची मर्यादा.

पहिली पायरी: तीन प्रश्न आणि एक वही

एकाचंच बंद आहे की सगळ्यांचं? एका मजल्याचं की सगळ्या मजल्यांचं? ठरावीक वेळीच की दिवसभर? राउटरशेजारी वही टांगून ठेवा आणि तक्रार करणाऱ्याला वेळ, खोली नंबर आणि स्क्रीनवरचा शब्दशः संदेश लिहायला सांगा. चार रात्रींच्या नोंदी पुरतात. यानंतर निम्म्या शक्यता आपोआप गळतात.

एकाच मुलाचं बंद असेल तर राउटरला हात लावू नका. त्याच्या फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का, व्हीपीएन चालू आहे का, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' (साइटची नावं कुठल्या सर्व्हरवर शोधायची ते ठरवणारी सेटिंग) ऑटोमॅटिक आहे का ते बघा. वसतिगृहात लॉगिन पान असेल तर हे शेवटचं फार छळतं. जाहिराती अडवण्यासाठी कुणीतरी तिथे एखादा पत्ता टाकून ठेवलेला असतो, त्यामुळे लॉगिन होण्याआधी कुठलंच नाव शोधता येत नाही आणि लॉगिनचं पान उघडतच नाही.

दुसरी पायरी: हवा आणि तार वेगळी करा

सगळ्या नोंदीतली सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच. लॅपटॉप केबलने थेट मुख्य राउटरच्या लॅन पोर्टला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी सातला, एकदा रात्री दहाला. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा गिगाबिट लॅन अडॅप्टर लागेल. १०० एमबीपीएसवाला स्वस्त अडॅप्टर घेऊ नका, तो स्वतःच मापाला अडवतो.

रात्री तारेवर वेग पूर्ण आणि हवेत रडतखडत, तर लाइन निर्दोष आहे आणि प्लॅन वाढवून काहीही होणार नाही. तारेवरही रात्री वेग पडत असेल तर मुख्य राउटरमधून स्विचकडे किंवा ॲक्सेस पॉइंटांकडे जाणाऱ्या सगळ्या केबल पाच मिनिटं काढा, राउटरचं स्वतःचं वायफाय बंद करा आणि पुन्हा मोजा. आता पूर्ण वेग आला तर लाइन ठीक आहे, वापर जास्त आहे. तरीही नाही आला तर बिघाड इमारतीबाहेरचा आहे किंवा डेटाची मर्यादा संपली आहे. हे सगळे आकडे वहीत लिहा. नेट कंपनीशी बोलताना त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

आकडा ९४ च्या आसपास अडकत असेल आणि प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल, तर कुठेतरी १०० एमबीपीएसची गाठ आहे. त्याबद्दल केबलच्या पायरीत.

तिसरी पायरी: वीज, उष्णता, दिवे

ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात येते तो डबा. त्यावरचा 'पॉन' दिवा स्थिर हिरवा हवा. 'लॉस' दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही. राउटर रीस्टार्ट करत बसू नका, थेट कंपनीला कळवा.

अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर राउटरच्या तळाशी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. कधीतरी जळालेल्या अडॅप्टरच्या जागी सेट टॉप बॉक्सचा लावलेला असतो. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या राउटरला १ अँपिअरचा अडॅप्टर दिवसा सांभाळून घेतो. रात्री पन्नास फोन जोडले गेले की राउटरचा वीजवापर वाढतो, व्होल्टेज खाली येतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. तीन-चार वर्षं चालू असलेल्या अडॅप्टरमधले कपॅसिटर थकतात, तेव्हाही हेच होतं. नवा अडॅप्टर काही शे रुपयांत येतो, म्हणून आधी तो बदलून बघा.

राउटर माळ्यावर, बंद कपाटात किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ठेवलेला असेल तर खाली काढा. वीज गेली की ओएनटी, राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट हे सगळे इन्व्हर्टरवर हवेत. राउटर चालू राहिला आणि ओएनटी बंद पडला, तर वायफाय दिसत राहतं, नेट नसतं आणि सगळे राउटरला दोष देतात.

चौथी पायरी: पत्ते संपलेत का?

वसतिगृहात वारंवार उद्भवणारा आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा दोष हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी पत्ता देतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. घरगुती राउटरमध्ये बरेचदा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ एवढीच रेंज ठरवलेली असते, म्हणजे १०० पत्ते, आणि एकदा दिलेला पत्ता त्या यंत्राच्या नावावर २४ तास राहतो. आता ६० मुलांचा हिशेब करा. प्रत्येकी एक फोन आणि एक लॅपटॉप धरला की १२०. त्यात टॅब, घड्याळं, टीव्ही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, मेसवाल्या काकांचा फोन, भेटायला आलेले मित्र. दुपारी येऊन गेलेला पाहुणा रात्री नसतो, पण त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. सकाळी लवकर जोडले गेलेले सुखी, रात्री साडेनऊला क्लासवरून आलेल्याला काही उरत नाही.

त्यात भर म्हणजे अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक) न सांगता प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट मॅक वापरतात. खासगीपणासाठी हे चांगलंच आहे. पण फोन रीसेट केला, किंवा विंडोजमध्ये हा मॅक रोज बदलण्याचा पर्याय निवडला, की तेच यंत्र राउटरला नवीन वाटतं आणि आणखी एक पत्ता खातं.

खात्री कशी करायची: नेट न मिळणाऱ्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतलाय. मग राउटरच्या पानावर डीएचसीपी क्लायंटची यादी मोजा. रेंजइतकीच नावं असतील तर निदान झालं.

राउटर बंद-चालू केल्यावर बरं का वाटतं, तेही यातूनच समजतं. अनेक स्वस्त राउटरांची यादी वीज गेली की पुसली जाते आणि ते पुन्हा पहिल्यापासून पत्ते वाटू लागतात. पण ज्यांच्याकडे जुना पत्ता अजून आहे त्यांना हे माहीत नसतं. एकच पत्ता दोन यंत्रांकडे जातो आणि दोघांचंही नेट अधूनमधून तुटतं. रोज रात्री राउटर रीस्टार्ट करण्याची सवय म्हणूनच सोडा. त्याने एक बिघाड झाकला जातो आणि दुसरा तयार होतो.

उपाय फुकट आहे. रेंज १९२.१६८.१.२० ते १९२.१६८.१.२५४ करा, म्हणजे २३५ पत्ते. पहिले पत्ते राउटर, ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर, डीव्हीआर यांच्यासाठी राखून ठेवा. पत्त्याची मुदत २४ तासांवरून ४ तासांवर आणा. जे यंत्र जोडलेलं आहे ते निम्मी मुदत संपताच आपोआप नूतनीकरण करतं, त्यामुळे चालू वापरात खंड पडत नाही. मुदत पाच-दहा मिनिटांवर मात्र नेऊ नका, राउटरवर उगाच काम वाढतं.

२३५ ही कमी पडत असतील तर सबनेट मास्क (नेटवर्कमध्ये किती पत्ते मावतील ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५४.० करा. मग १९२.१६८.०.१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत मिळून ५१० पत्ते वापरता येतात. कंपनीने दिलेल्या काही राउटरांत हा बदल करता येत नाही. जिथे करता येतो तिथे हाताने पत्ता दिलेल्या यंत्रांतही तोच मास्क बदलावा लागतो. तो राहिला की दुसऱ्या दिवशी प्रिंटर किंवा कॅमेरा 'हरवतो'.

पाचवी पायरी: डेटाची मर्यादा

कंपनीच्या ॲपमध्ये महिन्याचा वापर बघा. 'अनलिमिटेड' घरगुती फायबर प्लॅनमध्येही वाजवी वापराची मर्यादा असते. अनेक प्लॅनमध्ये ती महिन्याला साधारण ३३०० जीबी आहे. ६० मुलं रोज प्रत्येकी २ जीबी वापरत असतील तर ३० दिवसांचे ३६०० जीबी होतात. २७-२८ तारखेला मर्यादा संपते आणि वेग अगदी खाली येतो. परीक्षेच्या महिन्यात, व्हिडिओ लेक्चर वाढली की आणखी आधी. इथे एमबीपीएस वाढवून उपयोग नाही, मर्यादा किती ते विचारून प्लॅन निवडावा लागतो.

सहावी पायरी: खोलीतले राउटर आणि लूप

रेंज येत नाही म्हणून मुलं घरचा जुना राउटर आणून खोलीतल्या लॅन पोर्टला जोडतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण केबल त्या राउटरच्या 'वॅन', म्हणजे बाहेरची लाइन घेणाऱ्या पोर्टऐवजी 'लॅन' पोर्टमध्ये गेली, तर तो राउटर साऱ्या इमारतीला पत्ते वाटायला लागतो. ज्याला मुख्य राउटरचं उत्तर आधी मिळालं त्याचं चालतं, ज्याला या दुसऱ्याचं मिळालं त्याचं बंद. फोन आणि पत्ता दोन्ही ठीक दिसतात, तरी नेट नाही.

ओळखायचं कसं? नेट बंद असलेल्या फोनवर 'गेटवे' (फोन ज्या राउटरमार्फत नेटवर जातो त्याचा पत्ता) बघा. तुमचा राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि तिथे १९२.१६८.०.१ दिसत असेल, तर ब्राउझरमध्ये तोच आकडा टाका. ज्या कंपनीचं लॉगिन पान उघडेल तो राउटर इमारतीत शोधा. सापडला की मुलाला ओरडू नका, त्याच्या खोलीत रेंज का नाही ते बघा. राउटर ठेवायचाच असेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला राखीव पत्त्यांतला एक द्या आणि केबल लॅन पोर्टमध्येच ठेवा. मग तो निव्वळ ॲक्सेस पॉइंट होतो. पुढेमागे स्विच बदलायची वेळ आली तर 'डीएचसीपी स्नूपिंग' (परक्या राउटरने वाटलेले पत्ते अडवणारी सोय) आणि 'लूप डिटेक्शन' असलेला घ्या. हा दोष पुन्हा उद्भवणार नाही.

लूप म्हणजे एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच नेटवर्कमध्ये खोचलेली. झाडलोट करताना लोंबणारं टोक दिसलं म्हणून कुणीतरी रिकाम्या पोर्टमध्ये घालतं, एवढंच पुरतं. स्विचमधल्या केबल एकेक करून काढा. जी काढताच दिवे शांत होतात, ती गुन्हेगार. आणि हे झालं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना खोलीचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावा.

सातवी पायरी: हवेतली गर्दी

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ॲक्सेस पॉइंट 'ऑटो'वर ठेवले की ते २, ४, ९ असेही चॅनेल धरतात आणि दोन्ही बाजूंच्यांना त्रास देतात. अँड्रॉइड फोनवर एखादं फुकट वायफाय ॲनालायझर ॲप घ्या (आयफोनवर असली बहुतेक ॲप चालत नाहीत), मजल्यांवर फिरा आणि १, ६, ११ असे चॅनेल हाताने वाटून द्या. एकावर एक असलेल्या मजल्यांवर तोच चॅनेल येऊ देऊ नका. रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवली तर एकच ॲक्सेस पॉइंट बहुतेक सगळी जागा व्यापतो.

५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे. तिथे रुंदी ८० ऐवजी ४० ठेवा. ३६, ४४, १४९ आणि १५७ पासून सुरू होणाऱ्या चार जोड्या एकमेकांना न छेडता वापरता येतात. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला प्राधान्य असतं. रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो आणि तेवढ्यापुरतं सगळ्यांचं वायफाय तुटतं. गर्दीच्या इमारतीत ते नाइलाज असेल तरच वापरा.

आता शक्तीबद्दल. रेंज कमी म्हणून ॲक्सेस पॉइंटची ट्रान्समिट पॉवर 'हाय' करणं हा सर्रास केला जाणारा उलटा उपाय. ॲक्सेस पॉइंटचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा क्षीण आवाज ॲक्सेस पॉइंटपर्यंत पोचत नाही. चिन्ह भरलेलं दिसतं आणि नेट चालत नाही. शिवाय फोन लांबच्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतात. २.४ वर पॉवर 'मीडियम' किंवा 'लो' ठेवा, ५ वर 'मीडियम'. मूल जिथे बसून अभ्यास करतं तिथे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास हवा. उणे ७५ च्या खाली गेला तर सेटिंगने काही साधणार नाही, जागाच बदलावी लागेल.

ॲक्सेस पॉइंटवरची हवा सगळ्यांना आळीपाळीने मिळते. एक जुना फोन अगदी मंद वेगाने बोलत असेल तर त्याच्या एका वाक्याला बाकीच्या दहा जणांइतका वेळ लागतो. म्हणून सोय असेल तिथे किमान डेटा रेट १२ एमबीपीएस करा, म्हणजे १, २, ५.५ आणि ११ हे जुने वेग बंद होतात. लांबचा फोन आपसूक जवळच्या ॲक्सेस पॉइंटकडे जातो. पूर्वी कशीबशी चालणारी एखादी कोपऱ्यातली खोली यामुळे पूर्ण बंद पडू शकते. तसं झालं तर त्या खोलीला आधीपासूनच नेट मिळत नव्हतं, आता ते दिसतंय एवढंच.

बोळातल्या जागेचा मोह टाळा. कॉरिडॉरच्या मधोमध लावलेला ॲक्सेस पॉइंट समोरच्या टोकाच्या दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटला स्वच्छ ऐकतो आणि दोघंही एकमेकांसाठी थांबतात. खोल्यांत मात्र भिंत, बाथरूम आणि लोखंडी कपाट ओलांडून जावं लागतं. चार खोल्यांमध्ये एक, शक्यतो खोलीच्या आत, छतावर किंवा दारावरच्या भिंतीवर, हा हिशेब जास्त चालतो. आणि वायरलेस रिपीटर नकोच. तो तेच बोलणं त्याच चॅनेलवर ऐकून पुन्हा बोलतो, म्हणजे हवेचा निम्मा वेळ तिथेच गेला.

आठवी पायरी: रांग

रात्री दहाला तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग चालवा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि दोन मिनिटं बघा. सकाळी १०-२० मिलिसेकंद येणारा आकडा रात्री ४००-५०० वर जात असेल, तर लाइन भरली आहे आणि पाकिटं राउटरमध्ये रांगेत उभी आहेत. बरेचदा भरते ती अपलोडची बाजू. वायफाय आणि चार्जर दोन्ही जोडले की फोन फोटोंचा बॅकअप पाठवू लागतात, आणि तो जोडण्याची वेळ सगळ्यांची एकच. लेक्चरचा आवाज तुटतो तो इथे.

एसक्यूएम किंवा 'केक' हा रांग आटोक्यात ठेवणारा पर्याय असलेला राउटर असेल (ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरवर मिळतो, मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्येही आहे) तर दोन्ही दिशांची मर्यादा तारेवर मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवा. थोडा वेग आपण सोडतो, पण रांग आपल्या ताब्यात येते आणि प्रत्येकाला आळीपाळीने वाट मिळते. मायक्रोटिकवर 'फास्टट्रॅक' चालू असेल तर तो साध्या क्यूला (वेग वाटून देणाऱ्या नियमांना) बगल देतो. नियम दिसतात पण लागू होत नाहीत, म्हणून तो बंद करा. तसं केल्यावर राउटरच्या प्रोसेसरवर भार येतो. स्वस्त राउटर ३०० एमबीपीएसला क्यूसह दमतो. प्रोसेसर ९० टक्क्यांवर दिसला तर राउटर बदलण्याचं ते रास्त कारण आहे.

नुसती प्रतियंत्र मर्यादा घालणार असाल तर २०० एमबीपीएसला ६० ने भागून ३ एमबीपीएस देऊ नका. साठही जण एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढत नाहीत. दुपारी लाइन मोकळी असताना मुलाला ३ वरच अडवणं म्हणजे त्यानेच पैसे भरलेली लाइन वाया घालवणं. १५ ते २० एमबीपीएस ठेवा.

नववी पायरी: केबल

आता हत्यारं लागतात: क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर आणि मूठभर आरजे-४५ जॅक (लॅन केबलच्या टोकाचे प्लग).

९४ एमबीपीएसची गाठ इथे सुटते. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जॅकमध्ये नीट बसली नसेल, तर लिंक न तुटता गुपचूप १०० वर येते. त्यामुळे कुणाला संशय येत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१००० हवा, १००/१०० दिसला तर टोकं पुन्हा क्रिम्प करा. दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. स्विच किंवा राउटरच १०० चा असेल तर केबल सुधारून उपयोग नाही, आधी पोर्टवरची माहिती वाचा.

केबल घेताना तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. स्वस्त पडतं, पण वाकवताना तुटतं, आणि ॲक्सेस पॉइंटला केबलमधूनच वीज देत असाल तर लांब अंतरावर व्होल्टेज पडून तो रात्री रीस्टार्ट होतो. अस्सल तांब्याची कॅट-६ घ्या. एका टप्प्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. पावसाळ्यात गच्चीवरचे जोड आणि उंदरांच्या वाटेवरचे पाइप आधी तपासा.

इथे थांबा

फायबरची पिवळी किंवा काळी बारीक तार तुम्ही ओढू, वाकवू किंवा पुसू नका. हिरव्या जॅकच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर तेवढी वाचा. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेली तर जोड खराब आहे किंवा तार दबली आहे. तो आकडा सांगून कंपनीचा तंत्रज्ञ बोलवा.

दोन इमारतींमध्ये गच्चीवरून तांब्याची केबल ओढलेली असेल आणि वळवाच्या पावसात पोर्ट जळत असतील, तर तिसरा स्विच घेण्याआधी जाणकाराकडून तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला तांब्याची केबल जोडणारे डबे) बसवून घ्या. फायबरमधून विजेचा झटका पुढे जात नाही. अर्थिंग, मेन बोर्ड, खांबावरचं काम हे इलेक्ट्रिशियनचं. राउटरच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्या क्षणी सगळं बंद करून त्याला बोलवा.

आणि नवव्या पायरीपर्यंत येऊनही ॲक्सेस पॉइंट कमी-जास्त करण्याचा प्रश्न उरला असेल, तर अंदाजाने आणखी दोन विकत घेऊ नका. जागेवर येऊन सिग्नल मोजणाऱ्या नेटवर्कवाल्याला एकदाच पैसे द्या आणि तुमची वही त्याच्या हातात ठेवा.

लाइनच अपुरी निघाली तर

वरचं सगळं झाल्यावर, ॲक्सेस पॉइंट जोडलेले असताना तारेवर रात्री लाइन सतत भरलेलीच दिसत असेल, तर प्लॅन वाढवा. ६० मुलांपैकी निम्मी एका वेळी प्रत्येकी ३-४ एमबीपीएस ओढतात असं धरलं तर गरज ९० ते १२० एमबीपीएसची निघते. नीट वाटलेली २०० ची लाइन त्याला पुरते. एक ५०० ची घेण्यापेक्षा दोन वेगळ्या कंपन्यांच्या लहान लाइनी आणि दोन वॅनचा राउटर हा पर्याय वसतिगृहाला जास्त सोयीचा असतो. एक लाइन तुटली तरी परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं अंधारात राहत नाहीत.

घरगुती प्लॅन घेऊन मुलांना नेट विकणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. अर्ज करतानाच वसतिगृह असल्याचं सांगा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी योजनाही विचारात घ्या. तिच्यात पब्लिक डेटा ऑफिस (लोकांना वायफाय पुरवणारं ठिकाण) चालवणाऱ्याला परवाना किंवा शुल्क लागत नाही, ग्राहकांची नोंद आणि लॉगिन ॲग्रिगेटर, म्हणजे अशा अनेक ऑफिसांना जोडणारी कंपनी, सांभाळते. अशा ऑफिसांना २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर लाइन त्याच वेगाच्या घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाही, असा आदेश ट्रायने (दूरसंचार नियामक) जून २०२५ मध्ये काढला आहे. त्यामुळे कंपनीने महागड्या लीज्ड लाइनचाच (एकाच ग्राहकासाठी राखलेली लाइन) आग्रह धरला तर हा आदेश दाखवा. आणि कुठलाही मार्ग घेतला तरी भिंतीवर एकच पासवर्ड चिकटवू नका. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. कुणी गैरवापर केला तर पहिली विचारणा ज्याच्या नावावर लाइन आहे त्याच्याकडे होते.